सव्विसाव्या वर्षी कॅन्सर : घर, प्रार्थना आणि बारा केमो

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कोणी बसमध्ये असेल, कोणी भांडी घासता घासता ऐकत असेल, कोणी ऑफिसच्या कँटीनमध्ये. जिथे असाल तिथे निवांत ऐका. विषय जड आहे, पण मी जड करून सांगणार नाही.

मी मूळची सुप्याची, म्हणजे बारामती तालुक्यातलं सुपे. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि कालवे आठवतात, पण आमचा भाग जिरायती. मयुरेश्वर अभयारण्यातले चिंकारा आणि पावसाची वाट बघणारी माणसं, ही आमची ओळख. पप्पा झेडपीचे शिक्षक, आई अंगणवाडीत. दादा दुधाची पिकअप चालवतो. मी पुण्यात कॉम्प्युटरमधून बीटेक केलं आणि हिंजवडीत नोकरीला लागले. आमचं घर ख्रिस्ती. माझ्या आजीची आई केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. रोज रात्री जेवणाआधी कुटुंब प्रार्थना, रविवारी उपासना, नाताळला करंज्या. अख्ख्या आळीला फराळ जातो आणि ईदला चाचांकडून शीरखुर्मा येतो. असं साधं घर.

सव्वीस वर्षांची असताना मला कॅन्सर झाला. हॉजकिन लिम्फोमा. आज मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि तुमच्याशी बोलतेय. त्या काळात विश्वासाचा नेमका काय उपयोग झाला, असं मला खूप जण विचारतात. "देवाने बरं केलं का गं?" असं थेट विचारतात. त्याचं एका वाक्यात उत्तर नाही, म्हणून हा भाग.

गाठ

मानेच्या डाव्या बाजूला, गळ्यातल्या हाडाच्या वर एक गाठ आली. दुखत नव्हती. रात्री घामाने उशी भिजायची, संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत होतं. सगळे म्हणाले, वर्क फ्रॉम होमचा ताण. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सुईने तपासलं आणि टीबीचं औषध सुरू केलं.

आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की आधी टीबीचा विचार होतो, आणि तो चुकीचाही नाही. टीबी आपल्याकडे खूप आहे. पण ही गल्लत शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं बरेच डॉक्टर याला टीबीचाच प्रकार समजत होते. १९०२ मध्ये अमेरिकेत डोरोथी रीड नावाच्या तरुण डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खास पेशी नीट दाखवली आणि सांगितलं, हा टीबी नव्हे. घुबडाच्या दोन डोळ्यांसारखी दिसते ती पेशी. आजही रिपोर्टमध्ये तिच्या नावात रीड हे नाव असतं.

औषध घेऊनही माझी गाठ वाढतच होती. मग पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांनी अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली. हे लक्षात ठेवा : लिम्फोमाची शंका असेल तर नुसत्या सुईवर निदान पक्कं होत नाही, गाठ किंवा तिचा पुरेसा तुकडा लागतो. रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "आजार गंभीर आहे, पण बरे होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा वरच्या रांगेत आहे. आणि हा तरुणांमध्येच जास्त दिसतो." मला त्यातलं फक्त 'कॅन्सर' ऐकू आलं. पप्पांनी वहीत सगळं लिहून घेतलं. शाळामास्तर ना!

सांगायचं की लपवायचं

घरी पहिली चर्चा औषधाची झालीच नाही. माझ्यासाठी नगरकडचं एक स्थळ आलं होतं. बोलणी बरीच पुढे गेली होती. आत्या म्हणाली, "पोरीची जात आहे. बाहेर कळू देऊ नका. कावीळ झालीय म्हणून सांगा."

आत्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. ती घाबरली होती, आणि समाज कसा बोलतो ते तिने पाहिलं होतं. आईही गप्प होती. तेव्हा आजी बोलली. आजी ब्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "कावीळ सांगितली तर मंडळी काविळीसाठी प्रार्थना करतील. देवाचं काय, तो समजून घेईल. पण माणसांना कसं कळायचं, डबा कधी आणायचा?"

सगळे हसले. रिपोर्ट आल्यानंतर घरात पहिल्यांदा हसू आलं होतं. आणि तिथेच निर्णय झाला. पप्पांनी स्थळाकडच्यांना स्वतः फोन करून खरं सांगितलं. त्यांनी विचार करून कळवतो म्हटलं आणि पुढे फोन आला नाही. ठीक आहे. रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव आणि आजाराचं नाव, दोन्ही घेऊन मंडळीत प्रार्थना केली.

मला आधी फार अवघडल्यासारखं झालं. पण सोमवारपासून बघा काय झालं. एक मावशी म्हणाल्या, केमोच्या दिवशीचा डबा माझा. पुण्यात राहणाऱ्या एका कुटुंबाने त्यांची एक खोली आम्हाला दिली, किल्लीसकट. आळीतले चाचा शहा मन्सूरच्या दर्ग्यात दुआ मागून आले. शेजारच्या काकू मोरगावला जाऊन गणपतीला नारळ ठेवून आल्या. आजीने दोघांनाही चहा पाजला आणि म्हणाली, "मागा बाबांनो, सगळे मिळून मागा."

हे सगळं खरं सांगितल्यामुळे झालं. आजार लपवला असता तर प्रार्थनाही मला एकटीलाच करावी लागली असती.

अंजिराचा लेप

पण सगळेच प्रार्थना करणारे सारखे नसतात. बाहेरगावचे एक भाऊ घरी आले. मोठ्याने प्रार्थना केली आणि मग म्हणाले, "पूर्ण विश्वास असेल तर केमोची गरज काय? केमो घेणं म्हणजे देवावर संशय." आईचा चेहरा उतरला. कारण त्या वाक्यात एक छुपी धमकी असते : उद्या मुलगी बरी झाली नाही, तर तुमचाच विश्वास कमी पडला.

पप्पा शांत माणूस. त्यांनी पवित्र शास्त्र काढलं आणि हिज्कीया राजाची गोष्ट उघडली. हिज्कीया मरणाच्या दारात असतो. भिंतीकडे तोंड करून रडतो, देवाला विनवतो. देव त्याला आणखी पंधरा वर्षं देतो. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्याच ठिकाणी यशया संदेष्टा सांगतो की अंजिरं आणा आणि गळवावर त्यांचा लेप बांधा. पप्पा म्हणाले, "भाऊ, देवाने शब्द दिल्यावरसुद्धा लेप लावायला सांगितलाच ना? आमच्या शेजारी पुरंदर तालुका आहे, अंजिरं भरपूर. पण आता लेपाच्या जागी केमो आलीय, एवढाच फरक."

आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, हे आजीने आतल्या खोलीतून सांगितलं. भाऊंनी चहा घेतला, गेले.

मला वाटतं, हे फक्त ख्रिस्ती घरांत होत नाही. प्रत्येक धर्मात कोणीतरी येऊन सांगतो, औषध सोड, अमुक कर. तुमच्या घरी असं कोणी आलं तर भांडू नका. चहा द्या, आणि पुढच्या डोसची तारीख चुकवू नका.

परळ आणि दादर

उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांनीच सुचवलं, स्लाइड्स एकदा मुंबईत टाटा मेमोरियलला दाखवून घ्या. आम्ही बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड डब्यात घालून परळला गेलो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्या दुःखातून टाटा कुटुंबाने जे मनावर घेतलं, त्यातून २८ फेब्रुवारी १९४१ ला हे हॉस्पिटल उघडलं. आज तिथल्या फुटपाथवर उभं राहिलं की अख्खा देश दिसतो. बिहार, बंगाल, आसाम, आणि आपले मराठवाड्यातले लोक. प्रत्येकाच्या हातात फाइल आणि पाण्याची बाटली.

राहण्याची सोय दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. खूप कॅन्सर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. ज्या बाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांच्या नावाच्या छताखाली आमच्या आजीने येशूच्या नावाने प्रार्थना केली. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी हात जोडून शेवटी "रामकृष्ण हरी" म्हटलं. तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आता आठवलं की बरं वाटतं.

स्लाइड बघून टाटानेही तेच निदान दिलं. उपचार पुण्यातच घ्यायचं ठरलं.

बारा डोस

माझ्या केमोचं नाव एबीव्हीडी. चार औषधं, दर पंधरा दिवसांनी एकदा, एकूण बारा डोस. इटलीतले डॉक्टर जियान्नी बोनाडोना यांनी १९७० च्या दशकात ही जुळणी आणली. मी इंजिनियर असल्यामुळे मला प्रत्येकाचा शोध घ्यायची खाज. पहिलं औषध लालभडक. ते शिरेत गेलं की नंतर लघवीसुद्धा लाल होते, घाबरू नका. चौथं औषध उजेडाने खराब होतं, म्हणून त्याच्या बाटलीवर काळी पिशवी घालतात. आणि तिसरं औषध, व्हिनब्लास्टिन, मूळचं सदाफुलीतून मिळालेलं. होय, आपल्या दारातली सदाफुली! पहिली दोन औषधं मातीतल्या जिवाणूंपासून मिळाली.

हे आजीला सांगितलं तेव्हा ती दारातल्या सदाफुलीकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्याने दारात ठेवलं होतं, आणि शोधायला माणसं धाडली." माझ्यासाठी विज्ञान आणि विश्वास यांचा वाद तिथे मिटला. (आणि प्लीज, सदाफुलीची पानं खाऊ नका. औषध वेगळं, झाड वेगळं. ते विषारी आहे.)

घराने काय केलं? दादाने शीट बनवलं. डोसची तारीख, रक्ततपासणी, सोबत कोण, डबा कोणाचा, किती खर्च. सगळे जण मोबाइलवर बघू शकतील असं. केस गळायला लागले तेव्हा वहिनीने ट्रिमर फिरवला आणि मग स्वतःचेही केस खांद्यापर्यंत कापले. पाचव्या डोसनंतर रात्री ताप एकशे एकवर गेला. केमो चालू असताना ताप शंभर पॉइंट चारच्या पुढे गेला तर सकाळची वाट बघायची नसते, सरळ हॉस्पिटल गाठायचं. दादाने दुधाचे कॅन उतरवून ठेवले आणि त्याच पिकअपमधून चौफुल्यावरून आम्ही सोलापूर रोडला लागलो. मला दुधाच्या वासाने मळमळत होतं आणि आई माझा हात धरून हळू आवाजात गाणं म्हणत होती. त्या रात्री मी स्वतः प्रार्थना केली नाही. करताच येत नव्हती. आईची ऐकत होते. मला वाटतं, तेवढं पुरतं.

दोन व्यावहारिक गोष्टी पटकन सांगते. एक, पुढे मूल हवं असेल तर त्याविषयी पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांना विचारा. मुलींनीही, मुलांनीही. आईवडिलांसमोर लाज वाटते, तरी विचारा. माझ्या औषधांत तो धोका तुलनेने कमी होता, पण काही केमोंमध्ये जास्त असतो. दोन, पैसे. आमच्या सुप्यात १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतावण्या जाळल्या, दख्खनचे दंगे तिथूनच पेटले. कर्ज घराला कसं खातं हे आमच्या गावाला वेगळं सांगायला नको. माझा कंपनीचा विमा होता. ज्यांचा नाही, त्यांनी कर्ज काढण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा. उपचारासाठी रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सर पेशंट आणि सोबत्याला तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म हॉस्पिटलमधून घ्या.

चौथ्या डोसनंतरच पेट स्कॅन झाला होता आणि रिपोर्ट चांगला आला होता. म्हणून फुप्फुसाला त्रास देऊ शकणारं ब्लिओमायसिन पुढच्या डोसमधून काढलं. घरी पेढे वाटले.

शेजारची खुर्ची

आता अवघड भाग.

केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर इंदापूरकडची एक मुलगी असायची. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिचा कॅन्सर वेगळा होता. तिच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ. आम्ही एकमेकींना रील्स पाठवायचो, टकलावरून विनोद करायचो. माझ्या नवव्या डोसला ती आली नाही. दहाव्यालाही नाही. नंतर कळलं.

मग मला प्रश्न पडला, आणि तो अजून आहे. माझ्यासाठी जास्त लोकांनी मागितलं का? तिच्या आईचा विश्वास कमी होता का? असं म्हणायची माझी हिंमत नाही. जो देव असा हिशेब ठेवत असेल, तो देव मला नको. मी हे पाळकसाहेबांना असंच्या असं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एक दिवस केडगावला जाऊन ये."

मी पप्पांसोबत गेले. लहानपणी सहलीसारखी जायचे. या वेळी वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. रमाबाईंचं आयुष्य बघा. दुष्काळाच्या काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. मांडीवर तान्ही मनोरमा. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणून वाढवलं. आणि १९२१ च्या जुलैमध्ये, त्यांचं सगळं काम जिच्या हाती जायचं होतं ती मनोरमाही गेली, चाळिसाव्या वर्षी. या बाईंपेक्षा जास्त प्रार्थना कोणी केली असेल? तरी लेक वाचली नाही. त्यानंतर रमाबाई काय करत होत्या? बायबलचं साध्या मराठीत भाषांतर, जे त्या कित्येक वर्षं करत होत्या, ते पुरं करत होत्या. ते संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

माझ्या पणजीला ज्यांनी आसरा दिला, त्यांचा विश्वास हा विमा नव्हता. क्लेम टाकला, पैसे आले, असं नव्हतं. खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत विनवलं होतं, हे दुःख टळो म्हणून. टळलं नाही. आणि त्या रात्री त्याने मित्रांकडे काय मागितलं? जागे राहा, सोबत बसा. एवढंच. मित्र झोपून गेले, तो भाग वेगळा.

म्हणून "देवाने बरं केलं का?" याला माझं उत्तर असं : मला औषधाने बरं केलं, आणि त्या औषधासाठी, ते शोधणाऱ्यांसाठी मी देवाचे आभार मानते. पण ती मुलगी गेली, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. विश्वासाने मला दिली ती सोबत. आणि खोटं न बोलता रडायची मुभा. मी बरी झाले नसते तरी ती सोबत खरीच राहिली असती, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हणता येत नव्हतं.

आपल्या बारामतीचं उदाहरण

श्रद्धेचा विषय बाजूला ठेवूनही एक उदाहरण आपल्या भागातलंच आहे. २००४ च्या निवडणुकीच्या काळात शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. पुढे कृषिमंत्री म्हणून कामही चालू आणि रेडिओथेरपीही चालू. तंबाखूची किंमत मोजावी लागली, हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यांनी ते लपवलं नाही. त्यामुळे आमच्याकडच्या पारावर 'कॅन्सर' हा शब्द मोठ्याने बोलता यायला लागला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते तुम्हाला माहीत आहे. ऐकताय त्यांच्यापैकी कोणाच्या गालात आत्ता पुडी असेल तर थुंका. खरंच.

भेटायला जाल तेव्हा

शेवटचं, पेशंटला भेटायला जाणाऱ्यांसाठी. बायबलमध्ये ईयोब नावाचा माणूस आहे. सगळं गमावतो, अंगभर फोड येतात. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. माझ्या मते ती त्यांची सर्वांत चांगली प्रार्थना. आठव्या दिवशी बोलायला लागले आणि सगळं बिघडवलं : तुझंच काही पाप असेल, तुझंच काही चुकलं असेल.

आपण पहिल्या सात दिवसांतले मित्र होऊया. "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका. "गुरुवारी डबा आणते, भाजी कोणती चालेल?" असं विचारा. आणि वास नसलेली भाजी आणा, मेथी नको.

सध्या माझा आजार उतारात आहे. डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात. ठरलेल्या तारखांना तपासणी असते आणि प्रत्येक तपासणीच्या आधीच्या रात्री मला झोप येत नाही. तेव्हा कुटुंब प्रार्थनेत पप्पा अजूनही माझं आणि आजाराचं, दोन्ही नावं घेतात. मी नोकरीवर परत आले आहे. केस कुरळे आलेत, आधी सरळ होते.

तुमच्या मानेत, काखेत, जांघेत गाठ असेल आणि दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, रात्री घाम येत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण दाखवा. आणि रिपोर्ट काहीही आला तरी घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी खरं सांगा.

हा भाग कोणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं तर त्याला पाठवा.